नदीकाठची बंद गिरणी, बंद कारखाना: पुनर्विकासात गावाच्या पदरात काय पडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव या गावांनी कापडगिरण्यांच्या भोंग्यावर दिवस काढले. नंतर सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या, जिनिंग, तेलगिरण्या आल्या. बॉयलरला, सायझिंगला, रंगाईला, साखरेला पाणी लागतं, त्यामुळे यातल्या बऱ्याच जागा तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठाला किंवा जवळ आहेत. त्या आता विक्रीला निघतात आणि गावात एकच प्रश्न फिरतो: यात आपलं काय? उत्तरं खाली दिली आहेत. गावाचा वाटा पहिली परवानगी मिळण्याआधी कागदावर आला पाहिजे. मागाहून तो मिळत नाही.

जागा विकली गेली म्हणतात. आधी काय तपासायचं?

जमीन कोणत्या प्रकारची आहे, हे आधी पाहा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, ते बघा. वर्ग २ किंवा शासकीय भाडेपट्टा असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही आणि परवानगीला अटी जोडता येतात. गावाला बोलायची सर्वांत मोठी संधी इथेच असते. कारखान्याची जमीन एका तुकड्यात घेतलेली नसते. काही शेतकऱ्यांकडून खरेदी झालेली, काही संपादित, काही गायरानातून दिलेली असते, म्हणून प्रत्येक गट क्रमांक वेगळा तपासावा लागतो. नंदुरबार जिल्ह्यात, साक्री तालुक्यात आणि शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या सातपुडा पट्ट्यात आदिवासी खातेदाराची मूळ जमीन मध्ये असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ लागतं. अशी जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. त्यात मोघम "सर्व कागदपत्रे" मागू नका. नावानिशी मागा: मोजणी नकाशा, भाडेपट्टा किंवा संपादनाचा निवाडा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची शेवटची संमतीपत्रं, जलसंपदा विभागाचा पूररेषा नकाशा आणि नगररचना विभागाकडचा झोन दाखला.

समुद्रकाठी सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) असतं. नदीकाठी तसं काही आहे का?

सीआरझेड समुद्र, खाडी आणि भरतीचं पाणी पोचतं तिथपर्यंतच लागतं, खानदेशात नाही. इथे निळी आणि लाल पूररेषा मोजायची. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवी इमारत होत नाही. बाग, खुला भाजीबाजार, वाहनतळ, स्मशानभूमी, सांडपाणी प्रकल्प अशा गोष्टीच चालतात. निळी ते लाल या पट्ट्यात बांधकाम होतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर.

या नियमात एक बारीक गोष्ट आहे. प्लॉट विकासयोग्य झोनमध्ये असेल तर पूररेषेतल्या भागाचा चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) उरलेल्या जागेवर वापरू देण्याची तरतूद आहे. जिथे वीटही लावता येत नाही त्या जमिनीचा मोबदला मालकाला चटईक्षेत्रात मिळतो. मग तोच काठ तयार करून, चालायच्या वाटेसह, गावासाठी खुला मागणं ही भीक नाही, व्यवहार आहे. ही ओळ बोलणीच्या पहिल्याच बैठकीत मांडा.

भरावाकडेही लक्ष ठेवा. काळी माती आणि राडारोडा टाकून काठ उंच केला की पुराचं पाणी समोरच्या वस्तीत घुसतं. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापी किती वर येते ते काठच्या माणसाला सांगावं लागत नाही. काम सुरू होण्याआधी जागेच्या कडेची पातळी मोजून घ्या आणि फोटो तारखेसह ठेवा.

दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते ना? मग बाग आपोआप मिळेल?

नाही. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर १० टक्के खुली जागा सोडावी लागते हे खरं, पण ती त्या वसाहतीच्या रहिवाशांसाठी असते. तिला कुंपण आणि पहारेकरी बसला की बाहेरची पोरं बाहेरच राहतात. सार्वजनिक बाग हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते. नकाशावर वेगळ्या रंगात दाखवून, नगरपालिकेच्या नावावर करून आणि सार्वजनिक रस्त्याला थेट फाटक देऊन.

मुंबईत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मिळाला होता. आपल्याला तो नियम लागतो का?

लागत नाही, पण त्याचा धडा लागतो. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे जमिनीची विभागणी मोकळ्या जागा, म्हाडाची घरं आणि मालक अशी होणार होती. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. आवार तर शेडनी भरलेलं असतं, त्यामुळे वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. म्हणून टक्केवारी लिहिताना "मोकळ्या जागेच्या" असं कधीच लिहू देऊ नका. "मोजणी नकाशावरील एकूण क्षेत्राच्या" असं लिहा आणि शेजारी चौरस मीटरचा आकडा घाला.

नव्या गृहप्रकल्पात स्वस्त घरांसाठी २० टक्के राखून ठेवायचा नियम दहा लाखांवरच्या लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजारांच्या आसपास, धुळे पावणेचार लाख. म्हणजे इथे लहान घरं आपोआप मिळणार नाहीत, तीही करारातच मागावी लागतील.

कामगारांची देणी थकली आहेत. जागा विकून झाल्यावर मिळतील का?

विक्रीआधी दावा नोंदलेला असेल तर शक्यता चांगली, नंतर फार कठीण. भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कलम ११(२) प्रमाणे थकलेल्या पीएफला इतर कर्जांच्या वर प्राधान्य आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते साखर कारखान्यांच्या थकबाकीबाबत मान्य केलं. गिरणी दिवाळखोरी कायद्याखाली असेल तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी निधीची रक्कम वाटपाच्या मालमत्तेत धरली जात नाही, आणि अवसायनापूर्वीच्या (कंपनी मोडीत काढण्याआधीच्या) २४ महिन्यांची कामगार देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात. पण जाहीर नोटिशीतली दाव्याची तारीख चुकली की सगळं लांबतं. नोटीस वर्तमानपत्रात येते आणि सुरतेला, पुण्याला गेलेल्या कामगाराच्या नजरेला पडत नाही. म्हणून युनियनने किंवा चाळीतल्या मंडळींनी नावांची यादी आधीच करून ठेवावी.

ग्रॅच्युइटीचं गणित स्वतः करून बघा: शेवटचा मासिक पगार (मूळ वेतन आणि महागाई भत्ता) × १५ × पूर्ण वर्षं ÷ २६. पगार १२,००० आणि नोकरी २२ वर्षं असेल तर १,५२,३०८ रुपये होतात. पुरावा म्हणून हजेरीपत्रक नसेल तर पीएफची पावती, ईएसआय कार्ड, गेटपास, बोनसची चिठ्ठी यातलं काहीही चालतं. कामगार वारला असेल तर वारसांनी दावा करायचा.

साखर कारखान्याच्या शेतकरी सभासदांनी एक लक्षात घ्यावं: अवसायनात भागभांडवलाची परतफेड सगळ्यात शेवटी येते. सभासद म्हणून खरं बळ शेअरच्या रकमेत नाही, सभेतल्या ठरावात आहे.

जमिनीत विषारी काही असेल का? कसं कळणार?

असू शकतं, आणि गावाला मिळणारी बाग किंवा शाळा नेमकी तिथेच दिली जाते असा धोका असतो. कुठे काय सापडतं हे उद्योगावर ठरतं. कापडगिरणीत रंगाई विभागाच्या गटारांभोवती क्रोमियम आणि गंधकयुक्त रंग, बॉयलरमागे राखेचे ढीग, भट्टीच्या तेलाच्या टाकीखाली तेल, जुन्या ट्रान्सफॉर्मरखाली पीसीबी (एक विषारी रसायन) असलेलं तेल. साखर कारखान्यात मळीच्या टाक्या, आणि आसवनी (मद्यार्क गाळणारा विभाग) असेल तर स्पेंटवॉशचे, म्हणजे तिच्या सांडपाण्याचे, खड्डे. त्याने विहिरीचं पाणी तांबूस होतं आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) चढतो. तेलगिरणीत साबण आणि कॉस्टिकच्या खुणा. आणि जवळजवळ सगळीकडे छतावर अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे.

खानदेशच्या काळ्या कपाशीच्या मातीने एक वेगळी अडचण होते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, वर सांडलेलं त्या भेगांतून सरळ खाली जातं, पावसाळ्यात भेगा मिटतात आणि पृष्ठभाग निर्दोष दिसतो. वरच्या दोन इंचांचा नमुना घेऊन "माती ठीक आहे" असा अहवाल आला तर तो स्वीकारू नका. तीन थरांतले नमुने मागा: ० ते १५ सेंटिमीटर, ५० सेंटिमीटर ते १ मीटर, आणि २ मीटर किंवा मुरूम लागेपर्यंत. जागेवर २५ मीटरची चौकट आखली तर ४ हेक्टरला ६४ ठिकाणं येतात. संशयित जागी (गटार, टाकी, ट्रान्सफॉर्मर, राखेचा ढीग) चौकट अर्ध्यावर आणा. चाचण्या अशा: पीएच, क्षारता, एकूण आणि षट्संयुजी क्रोमियम, शिसं, तेलाचे अंश, ट्रान्सफॉर्मरजवळ पीसीबी. आसपासच्या किमान पाच विहिरी किंवा बोअर पावसाआधी एकदा, पावसानंतर एकदा तपासा. पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) टीडीएस ५०० पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, नायट्रेट ४५, क्रोमियम ०.०५, शिसं ०.०१, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. नमुना घेताना गावाचा माणूस हजर ठेवा आणि बाटलीवर दोघांच्या सह्या घ्या.

संशय पक्का असेल तर २०२५ च्या प्रदूषित स्थळ व्यवस्थापन नियमांखाली जिल्हा प्रशासनाला लेखी कळवा. संशयित जागा कळवल्यावर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि प्रदूषण दिसलं तर त्यापुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी, अशी मुदत त्यात आहे.

प्रदूषण सापडलं म्हणजे जागा वाया गेली असं नाही. थोडी माती उचलून धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रावर (रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी) पाठवता येते. सौम्य भागावर जाड कापड अंथरून किमान अर्धा ते एक मीटर स्वच्छ माती टाकून वाहनतळ किंवा खेळाचं मैदान करता येतं. भाजीचे वाफे, बालवाडी आणि पावसाचं पाणी मुरवायचे खड्डे मात्र तिथे नकोत. मुरवलेलं पाणी विष खाली ढकलतं आणि ते शेजारच्या विहिरीत निघतं.

पाडकामाच्या वेळी काय बिघडतं?

बहुतेक अपघात भंगाराच्या घाईत होतात. जिनिंगच्या शेडमध्ये तुळयांवर, पत्र्यांखाली वर्षानुवर्षांची रुई चिकटलेली असते. गॅस कटरची ठिणगी तिथे पडली की आग आतल्या आत धुमसते आणि मजूर जेवायला गेल्यावर पेट घेते. आधी ओली सफाई, मग कटिंग, आणि कटिंग थांबल्यावरही निदान अर्धा तास पाण्याचा पाइप घेऊन एक माणूस तिथेच. तेलाची टाकी रिकामी दिसली तरी वाफ उरते. धुऊन, वायू मोजून खात्री झाल्याशिवाय तिला कटर लावू नये. मळीच्या टाकीत किंवा सांडपाण्याच्या खड्ड्यात कोणी उतरू नये. तिथला वायू क्षणात बेशुद्ध करतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो.

अॅस्बेस्टॉसचे पत्रे फोडायचे नाहीत. पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून, अख्खे खाली उतरवायचे, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे. साधा रुमाल कामाचा नाही, एन-९५ मास्कही पुरत नाही, पी-१०० किंवा एफएफपी३ दर्जाचा मास्क हवा. असे पत्रे वस्तीत गोठ्याला, न्हाणीघराला "फुकट" वाटले जातात. ते घेऊ नका. पत्रे, राख, तेलाची माती मे महिन्याअखेर जागेवरून हलली पाहिजेत, नाहीतर पहिल्या पुरात नदीत जातात.

जुनी शेड आणि चिमणी ठेवायची का? जागा अडते असं म्हणतात.

ठेवण्याजोगी असेल तर ठेवा. करवतीच्या दातांसारख्या छताची शेड उगाच तशी बांधलेली नव्हती: उत्तरेकडच्या काचांतून उजेड येतो, ऊन येत नाही. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ही शेड प्रशिक्षण केंद्र, शिवणकाम, वाचनालय किंवा बाजार म्हणून कोणत्याही नव्या काँक्रीट हॉलपेक्षा सोयीची पडते. सागाच्या कैच्या, लोखंडी खांब, दगडी भिंती यांची तपासणी संरचना अभियंत्याकडून करून घ्या. वाळवी टोकाला, भिंतीत शिरलेल्या भागात लागते. तिथे टोचून पाहिल्याशिवाय अहवाल पूर्ण मानू नका.

नवं बांधकाम काळ्या मातीवर असेल तर साधा पाया चालत नाही, भिंती तिरक्या तडकतात. खाली फुगवटा असलेल्या अंडर-रीम्ड पाइल किंवा मुरमापर्यंत खोदाई हवी. गावाला दिल्या जाणाऱ्या सभागृहाचा पाया स्वस्तात उरकला गेला तर पाचव्या वर्षी दुरुस्ती गावाच्या गळ्यात पडते, म्हणून पायाचा प्रकारही करारात लिहा.

स्थानिकांना काम मिळेल का?

"पाचशे रोजगार" या आकड्याला अर्थ नाही. बांधकामातलं काम दीड-दोन वर्षांत संपतं, नंतरचं कायम. दोन्ही वेगवेगळे विचारा आणि मनुष्यदिवसांत विचारा. तालुक्यातल्या रहिवाशांचा टक्का, महिलांचा टक्का, आणि दर तीन महिन्यांनी हजेरीपटाची प्रत. बांधकाम मजुरांची कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या: वय १८ ते ६० आणि वर्षभरात ९० दिवसांचं काम पुरेसं असतं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. स्थानिक आयटीआयच्या मुलांसाठी ते मागा. दुकानं होणार असतील तर ठरावीक गाळे बचतगटांना कमी भाड्यात, किती वर्षं, तेही लिहा.

रावेर-यावल पट्ट्याजवळच्या जागेत केळीचं पिकवणगृह आणि शीतगृह विचारात घेण्यासारखं आहे. माल रात्रीतून जातो, त्यामुळे ट्रक वळायला जागा आणि विजेचा भार आधी पाहावा.

चाळीत, मिल कॉलनीत राहणाऱ्यांचं काय?

आधी घरोघर यादी करा: मतदारयादी, वीजबिल, शिधापत्रिका, भाडेपावती. तात्पुरत्या जागेचं भाडं आगाऊ आणि परत येण्याची तारीख लेखी मिळेपर्यंत चावी देऊ नका. नवं घर किती मोठं, हे "बिल्ट-अप" मध्ये न लिहिता कार्पेट क्षेत्रात (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेत) लिहा.

मग करारात नेमकं काय लिहायचं?

प्रत्येक वचनाला चार गोष्टी जोडा: किती, कुठे, केव्हापर्यंत, आणि नाही झालं तर काय. "आरोग्यसुविधा देऊ" याऐवजी "नकाशावरील 'क' जागेत ३०० चौरस मीटर कार्पेट क्षेत्राचा दवाखाना, वीज-पाणी जोडणीसह, पहिल्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राआधी नगरपालिकेच्या ताब्यात" असं. शेवटच्या इमारतीशी जोडलेलं वचन पाळलं जात नाही, कारण शेवटची इमारत वर्षानुवर्षं अर्धवट ठेवता येते.

करार तिघांत असावा: विकासक, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, आणि नोंदणीकृत रहिवासी संस्था. दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. "वारस, हस्तांतरिती आणि उत्तराधिकारी कंपनी यांच्यावर बंधनकारक" हे शब्द हवेतच. जागा मध्येच दुसऱ्या कंपनीला विकली जाते आणि नवा मालक म्हणतो, मी काही कबूल केलं नव्हतं. रकमेची हमी बँक गॅरंटीत घ्या आणि तिची मुदत कामाच्या मुदतीपेक्षा एक वर्ष जास्त ठेवा. याच अटी बांधकाम परवानगीच्या आदेशात घालून घ्या. करार मोडला तर कोर्टात जावं लागतं, परवानगीची अट मोडली तर नगरपालिका काम थांबवू शकते.

एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. तिच्या अटी आणि सहामाही अनुपालन अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर बघता येतात. झाडं, सांडपाणी, धूळ यांचे आकडे तिथूनच घ्या.

बाग, सभागृह मिळालं. सांभाळायचं कोणी?

ही गोष्ट लोक विसरतात आणि दोन वर्षांत सभागृहाला कुलूप लागतं, कारण वीजबिल कोणी भरायचं ते ठरलेलं नसतं. देखभालीचा वार्षिक खर्च काढा. समजा ६ लाख रुपये. ७ टक्के व्याज धरलं तर सुमारे ८६ लाखांची कायम ठेव लागते. तेवढी ठेव विकासकाकडून घ्या, नाहीतर काही गाळ्यांचं भाडं त्या खात्यात वळवा.

व्यवस्थापनासाठी बाहेरून नमुना आणायची गरज नाही. पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी वाटायला लाभधारकच माणसं नेमत आले: पाटकरी, जागल्या. कोणाचं काम काय, मोबदला कोण देणार, हे आधीच ठरलेलं. समितीत तसंच करा. चावी कोणाकडे, हिशेब कोणाकडे, पंप कोण सुरू करणार, ही कामं नावानिशी वाटा आणि हिशेब दर तिमाहीला फलकावर लावा.

हरकत कशी आणि केव्हा घ्यायची?

जमिनीचा वापर औद्योगिकवरून निवासी किंवा वाणिज्य करायचा असेल तर विकास आराखड्यात फेरबदल लागू शकतो. तसा फेरबदल असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. त्या महिन्यात पोस्टाने नव्हे, आवक क्रमांक घेऊन हरकत द्या. "प्रकल्पाला विरोध" एवढं लिहू नका, हवी ती अट लिहा.

गाव ग्रामपंचायतीचं असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी ते. नंदुरबारच्या अनुसूचित क्षेत्रात पेसामुळे (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यामुळे) ग्रामसभेचं म्हणणं अधिक वजनदार आहे. तिथे नोटीस फक्त मराठीत न वाचता अहिराणीत, भिलीत, पावरीतही वाचून दाखवा आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्या.

आवारात जुनी मोठी झाडं आहेत. ती वाचतील का?

शहरी भागात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. म्हणून प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून छातीच्या उंचीवर मोजून, क्रमांक टाकून, यादी करा. गिरणी सुरू झाली त्या काळातल्या वड-चिंच-कडुलिंबाचं वय ठरवायला गिरणीचे जुने फोटो आणि नकाशे उपयोगी पडतात. इमारतीचा नकाशा झाडांच्या यादीनंतर काढायला सांगा, कारण नकाशा मंजूर झाल्यावर झाड "आड येतं" आणि आधी यादी असेल तर इमारत दहा फूट सरकते.